पाच मिनिटं आणि चव्वेचाळीस महिने

गेल्या थंडीत आमच्या गावच्या व्याख्यानमालेत दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी रणनीतीवर एक भाषण झालं. वक्ते अभ्यासू होते, नकाशे होते, पडद्यावर लाल-निळ्या बाणांची धावपळ होती. दीड तासाच्या भाषणात प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईला पाऊण तास मिळाला आणि अमेरिकी पाणबुड्यांच्या वाट्याला एक वाक्य आलं : ‘पाणबुड्यांनीही मोलाची कामगिरी बजावली.’ त्या ‘ही’वर मी दोन दिवस चरफडत होतो. हा लेख म्हणजे त्या एका अक्षराशी घातलेला वाद आहे.

वक्त्यांचा दोष तसा मोठा नाही. सगळेच असं सांगतात. युद्ध म्हटलं की आपल्याला एक दिवस हवा असतो, एक मैदान हवं असतं, आणि त्या दिवशी पारडं फिरलं असं म्हणायची सोय हवी असते. हल्ली वाहिन्यांवरचे निवृत्त सेनानी दर दुसऱ्या हल्ल्याला ‘निर्णायक’ म्हणतात तेही याच सवयीतून. माझं म्हणणं असं की प्रशांत महासागरातलं युद्ध अमेरिका जिंकली, कारण तिचं एका निर्णायक लढाईवाचून अडलं नव्हतं. आणि जपान हरला, कारण त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं.

मिडवेची गोष्ट रंगते, हे कबूल. हवाईतल्या एका तळघरात जोसेफ रोशफोर्ट नावाचा नौदल अधिकारी पायात सपाता आणि अंगात घरगुती जाकीट घालून जपानी सांकेतिक संदेश उलगडत बसलेला. संदेशांत पुढच्या हल्ल्याचं ठिकाण म्हणून ‘एएफ’चा सारखा उल्लेख येतो. ते मिडवे बेट असावं असा त्याला संशय. मग मिडवेकडून साध्या भाषेत एक खोटी तक्रार पाठवायला लावली, की आमचं पाणी गोडं करायचं यंत्र बिघडलंय. एकदोन दिवसांत जपानी संदेश पकडला गेला : ‘एएफ’वर पाण्याची टंचाई आहे. त्या आधारावर पॅसिफिक ताफ्याचा प्रमुख ॲडमिरल निमिट्झ याने आपल्या हाताशी होत्या तेवढ्या तिन्ही विमानवाहू नौका दबा धरून बसवल्या. त्यांतली यॉर्कटाउन महिन्याभरापूर्वीच कोरल समुद्राच्या लढाईत जबर जखमी झालेली. तिच्या दुरुस्तीला तीन महिने लागतील असा अंदाज होता, पर्ल हार्बरच्या गोदीतल्या कामगारांनी ती तीन दिवसांत समुद्रात सोडली. ४ जून १९४२ च्या सकाळी साडेदहाच्या आत अमेरिकी विमानांनी सूर मारून अकागी, कागा आणि सोर्यू या तीन विमानवाहू नौका पेटवल्या. चौथी, हिर्यू, संध्याकाळी गेली. जपानची तीन हजारांवर माणसं मेली, अमेरिकेची तीनशेच्या आसपास.

ती ‘पाच मिनिटं’ जगभर गाजली ती जपानी वैमानिक मित्सुओ फुचिदामुळे. पर्ल हार्बरवरच्या विमानी हल्ल्याचं नेतृत्व त्यानेच केलं होतं. मिडवेला तो अकागीवर होता, पण आजारी. नंतर त्याने लिहिलं, की आमची विमानं डेकवर सज्ज उभी होती, आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर ती आकाशात असती. जपानी नौकांच्या उड्डाणनोंदी तपासणाऱ्या संशोधकांनी पुढे दाखवून दिलं की डेकवर त्या वेळी तशी सज्जता नव्हतीच. पण पाच मिनिटांची कथा काही मरत नाही. हरलेल्यालाही ती हवीशी असते, कारण पाच मिनिटांनी हुकलेला विजय हा पराभव वाटत नाही.

त्याच दिवशी, त्याच पाण्यात, एक दुसरी गोष्ट घडत होती. नॉटिलस नावाची अमेरिकी पाणबुडी सकाळपासून जपानी ताफ्याच्या आसपास घुटमळत होती. तिला पाण्याखाली दाबून ठेवायला जपान्यांनी आराशी ही विनाशिका मागे ठेवली. काम आटपून आराशी पूर्ण वेगाने ताफ्याकडे परत निघाली, आणि तिच्या मागचा पांढरा फेसाचा पट्टा आकाशातून एन्टरप्राइज या अमेरिकी विमानवाहू नौकेच्या विमानांचा नायक मॅक्लस्कीला दिसला. इंधन संपत आलेलं, जपानी ताफा जिथे असायला हवा तिथे नाही. त्याने तो पट्टा धरला आणि थेट शत्रूच्या डोक्यावर पोचला. म्हणजे त्या प्रसिद्ध मिनिटांकडे जाणारी वाट एका पाणबुडीने, स्वतःच्या नकळत, दाखवली होती.

दुपारी हीच नॉटिलस जळत्या कागाजवळ पोचली. जहाज जवळजवळ स्थिर, नेम धरायला वेळच वेळ. चार टॉर्पेडो सोडायचे ठरले. एक नळीतून सुटलाच नाही, दोन चुकले. एक बरोबर कुशीत जाऊन आदळला, आणि फुटण्याऐवजी त्याचे दोन तुकडे झाले. मागचा पोकळ तुकडा पाण्यावर तरंगत राहिला आणि कागावरून उड्या टाकलेल्या काही जपानी खलाशांनी त्यालाच धरून जीव वाचवला.

अमेरिकी आरमाराचं १९४२ सालचं इतकं खरं चित्र मला दुसरं माहीत नाही.

आता जपानकडे वळू. १९०५ साली त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत ॲडमिरल तोगोने रशियाचं बाल्टिक आरमार दोन दिवसांत बुडवलं आणि युद्धाचा निकाल लावला. त्या विजयाने जपानी नौदलाच्या तीन पिढ्या भारून गेल्या. त्याला सिद्धान्ताची जोड मिळाली ती आल्फ्रेड मॅहन या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याच्या विचारांची : समुद्रावरची सत्ता मोठ्या आरमाराची, आणि ती मोठ्या लढाईत ठरते. जपानी भाषेत या कल्पनेला ‘कान्ताई केस्सेन’ म्हणत, म्हणजे ताफ्यांची अखेरची झुंज. शत्रू पॅसिफिक ओलांडून येईल, वाटेत त्याचे लचके तोडायचे, आणि घराजवळ आला की एका दिवसात संपवायचा. जहाजं तशी बांधली, अधिकारी तसे घडवले. जपानी पाणबुड्याही युद्धनौकांच्या शिकारीसाठीच ठेवल्या. त्यांचे टॉर्पेडो तर जगात सरस होते. मिडवेनंतर यॉर्कटाउन ओढून नेत असताना तिला बुडवलं ते आय-१६८ या जपानी पाणबुडीनेच. पण हवाई ते कॅलिफोर्निया या पट्ट्यातून रोज ये-जा करणाऱ्या मालवाहू आणि तेलवाहू जहाजांच्या मागे कोणी हात धुऊन लागलं नाही. मालाची बोट बुडवण्यात कसली आली मर्दुमकी!

पर्ल हार्बरलाही तेच. ७ डिसेंबर १९४१ ला युद्धनौकांवर बॉम्ब पडले. शेजारच्या टाक्यांतलं सुमारे ४५ लाख बॅरल तेल, दुरुस्तीच्या गोद्या आणि पाणबुड्यांचा तळ तसाच राहिला. चिखलात बसलेल्या युद्धनौकांपैकी बहुतेक पुन्हा वर काढल्या गेल्या, त्याच गोद्यांत. आणि हल्ल्यानंतर काही तासांतच वॉशिंग्टनहून पॅसिफिकमधल्या सगळ्या तळांना हुकूम सुटला : जपानविरुद्ध अनिर्बंध हवाई आणि पाणबुडी युद्ध सुरू करा. अनिर्बंध म्हणजे पूर्वसूचना नाही, झडती नाही, जपानी झेंड्याचं जे दिसेल ते बुडवा. पुढचे चव्वेचाळीस महिने याच हुकमावर गेले.

मिडवे हरली असती तर? हा प्रश्न टाळता येणार नाही, आणि मिडवेला क्षुल्लक ठरवण्याचा माझा इरादाही नाही. हवाई धोक्यात आलं असतं, दोन महिन्यांनी सॉलोमन बेटांतल्या ग्वादालकनालवर उतरणं जमलं नसतं, युद्ध लांबलं असतं. पण १९४० च्या जुलैमध्ये, पर्ल हार्बरच्या तब्बल सतरा महिने आधी, अमेरिकी संसदेने दोन महासागरांसाठी आरमार उभारायचा कायदा केला होता आणि नव्या विमानवाहू नौका मिडवेच्या वेळी गोद्यांत आकार घेत होत्या. पहिली एसेक्स १९४२ च्या ३१ डिसेंबरला नौदलात दाखल झाली. जपान शरण येईपर्यंत तिच्या जातीच्या १७ झाल्या. एका दिवसात चार नौका गमावलेल्या जपानला ते चार खड्डेच वेळेत बुजवता आले नाहीत. मिडवेने अमेरिकेला वेळ मिळवून दिला, आणि वेळ फार मोलाचा होता, एवढं मी मान्य करतो. निकाल मात्र तिथे लागला नाही.

पण मग ‘कारखान्यांनी युद्ध जिंकलं’ असं म्हणून मोकळं होणं हाही आळसच. कारखान्यातून निघालेली वस्तू चालायला हवी ना! मार्क-१४ टॉर्पेडोची कहाणी त्यासाठी सविस्तर सांगावीशी वाटते.

हा टॉर्पेडो ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या सरकारी केंद्रात घडला. एका नगाची किंमत दहा हजार डॉलरच्या घरात. मंदीच्या काळात इतकी महाग वस्तू चाचणीत फोडून बघायची कोणाची छाती झाली नाही. काटकसर झाली आणि वस्तू नापास होती हे कोणाला कळलंच नाही. युद्ध सुरू झाल्यावर कप्तान एकामागून एक रिकाम्या हाताने परत येऊ लागले. नेम बरोबर, पाण्यातली रेघ जहाजाखाली गेलेली दिसली, स्फोट नाही. शस्त्रास्त्र खात्याचं उत्तर ठरलेलं : टॉर्पेडोत काही खोट नाही, तुमचा नेम चुकला. सरकारी खात्याशी ज्याचा कधी संबंध आला आहे त्याला हा सूर ओळखीचा वाटेल.

अखेर ॲडमिरल लॉकवूडने जून १९४२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बनीजवळ पाण्यात मासेमारीचं जाळं टांगलं आणि त्यावर टॉर्पेडो सोडायला लावले. जाळ्याला पडलेली भोकं मोजली. टॉर्पेडो लावलेल्या खोलीपेक्षा सरासरी अकरा फूट खालून जात होते. शस्त्रास्त्र खात्याकडे प्रयोगशाळा होत्या, लॉकवूडकडे कोळ्याचं जाळं. ही चाचणी घेणाऱ्या स्किपजॅक पाणबुडीचा कप्तान जेम्स को याने त्याच महिन्यात आणखी एक पत्र लिहिलं होतं. त्याने मागवलेला टॉयलेट पेपर ‘ही वस्तू ओळखता येत नाही’ असा शेरा मारून पुरवठा खात्याने नाकारला होता. कोने उत्तरासोबत नमुन्यादाखल एक तुकडा जोडला.

खोली दुरुस्त झाली आणि दुसरा दोष उघडा पडला : चुंबकीय स्फोटक जहाज जवळ येण्याआधीच फुटायचं. १९४३ च्या जूनमध्ये निमिट्झने ते बंद करायला लावलं. मग तिसरा. २४ जुलै १९४३ ला टिनोसा पाणबुडीच्या डॅन डॅस्पिटने तोनान मारू क्रमांक ३ हे जपानी जहाज गाठलं. मूळचं व्हेल मासे सोलायचं अजस्र जहाज, एकोणीस हजार टनांचं, आता तेल वाहणारं. पहिल्या काही टॉर्पेडोंनी ते थांबलं. मग डॅस्पिटने प्रशिक्षणात शिकवतात तशी बैठक घेतली : अंतर जवळ, कोन अगदी काटकोन. एक सोडला, आदळला, फुटला नाही. पुन्हा एक. पुन्हा. दर वेळी पाण्याचा छोटा फवारा उडायचा आणि बस. एकूण पंधरा टॉर्पेडो खर्च करून, शेवटचा एक पुरावा म्हणून जपून, तो पर्ल हार्बरला परतला.

तिथे त्यांनी काहूलावे बेटाच्या कड्यांवर टॉर्पेडो मारून पाहिले, क्रेनने नव्वद फुटांवरून पोलादी पत्र्यावर टाकून पाहिले. उलगडा झाला तो हसावं की रडावं असा. सरळ काटकोनात आदळलं की धक्क्याने आतली खीळ वाकायची आणि अडकायची. तिरपा, ओझरता आदळला तर फुटायचा. जितका नेम पक्का, तितका टॉर्पेडो निकामी! पर्ल हार्बरला जवळजवळ पावणेदोन वर्षं लोटल्यावर, १९४३ च्या शरदात, अमेरिकी पाणबुड्यांच्या हाती भरवशाचं हत्यार आलं.

त्यानंतर जे घडलं त्याला तारीख नाही, म्हणून ते भाषणात मावत नाही. युद्धाच्या सुरुवातीला जपानकडे सुमारे ६० लाख टनांची व्यापारी जहाजं होती. अमेरिकी पाणबुड्यांनी युद्धभरात ४८ लाख टन व्यापारी जहाजं बुडवली. शिवाय दोनशेच्या वर लढाऊ नौका. जपानची जी जहाजं बुडाली त्यांतली निम्म्याहून अधिक एकट्या या पाणबुड्यांच्या खाती जातात. हे काम करणारे लोक अमेरिकी नौदलाच्या मनुष्यबळात दोन टक्क्यांहूनही कमी होते. ५२ पाणबुड्या परत आल्या नाहीत. त्यांच्याबरोबर साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. टँग नावाची पाणबुडी तर स्वतःचाच शेवटचा टॉर्पेडो वळसा घेऊन परत फिरल्याने बुडाली.

आणि जपान युद्धात उतरला होता कशासाठी? तेलासाठी. १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने तेल तोडल्यावर बोर्निओ आणि सुमात्राच्या विहिरी हाच त्याला मार्ग दिसला. विहिरी त्याने काही आठवड्यांत काबीज केल्या. पण विहीर जिंकली म्हणजे तेल घरी आलं असं नाही. मधे तीन हजार मैलांचा समुद्र आहे. तो समुद्र राखायला जपानने स्वतंत्र संरक्षक दल उभं केलं १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये, युद्धाला दोन वर्षं होत आल्यावर. १९४४ मध्ये परिस्थिती अशी की युद्धनौका सिंगापूरजवळ लिंग्गाला नांगरलेल्या, कारण तेल तिथे. विमानवाहू नौका जपानच्या अंतर्गत समुद्रात, कारण नवे वैमानिक तिथे शिकतायत. ज्या ताफ्याने एकवटून अखेरची झुंज द्यायची तो तेलासाठी दोन ठिकाणी फुटलेला. नव्या वैमानिकांना पुरेसं उडायला पेट्रोल नाही, म्हणून जूनमध्ये फिलिपीन समुद्रावर ते पाखरांसारखे पडले. त्या लढाईतही तायहो आणि शोकाकू या दोन मोठ्या विमानवाहू नौका बुडवल्या त्या विमानांनी नव्हे, आल्बाकोर आणि कव्हाला या पाणबुड्यांनी. युद्धाच्या शेवटी जपानी खेड्यांत बायापोरं डोंगरावर जाऊन पाइनची मुळं खणत होती. त्यांचा अर्क काढून विमानाचं इंधन करायचं. दोनशे मुळं म्हणजे विमानाचं एक तासाचं उड्डाण, अशी घोषणा होती.

इथे पानिपत आठवल्याशिवाय राहत नाही. १४ जानेवारी १७६१ ही तारीख आपल्याला तोंडपाठ असते. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले ते बरोबर की चूक यावर आपण अडीचशे वर्षं भांडतोय. पण त्याआधीचे ते दोन महिने? अब्दालीने रसद तोडली, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, छावणीत माणसं आणि जनावरं उपाशी. त्या सकाळी भाऊ मैदानात उतरले ते उपासमारीने दुसरी वाट ठेवली नव्हती म्हणून. आपल्या भाषेत ‘पानिपत होणं’ आहे, पण त्या दोन महिन्यांसाठी शब्द नाही. जपान्यांनी निदान ग्वादालकनालला नाव दिलं : उपासमारीचं बेट. तिथल्या सैन्याला विनाशिका रात्री येऊन तेलाच्या धुतलेल्या पिंपांत तांदूळ भरून, दोराने बांधून, समुद्रात सोडून जायच्या. किती पिंपं किनाऱ्याला लागतील ते नशिबावर. ज्या पाणबुड्या शत्रूच्या युद्धनौका बुडवायला बांधल्या त्याही तांदूळ वाहू लागल्या. त्या बेटावर मेलेल्या जपान्यांत लढाईपेक्षा भूक आणि रोगाचे बळी अधिक.

अमेरिकेचे सगळे सेनापती शहाणे होते असं मात्र नाही. निर्णायक लढाईचा मोह त्यांनाही होता, आणि या बाबतीत मला स्प्रूअन्स आणि हॅल्सी ही जोडी फार बोलकी वाटते. जून १९४४, सायपान बेटावर सैन्य उतरलेलं, जपानी ताफा येतोय अशी खबर. स्प्रूअन्सचे विमानदलाचे अधिकारी म्हणत होते, पश्चिमेला धावून त्याला गाठू. स्प्रूअन्सने नकार दिला. माझं काम किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्याची पाठ राखण्याचं आहे, हे त्याचं गणित. दुसऱ्या दिवशी जपानची तीनशेच्या वर विमानं पडली. तरीही त्याच्यावर ठपका आला, की याने शत्रूचं आरमार निसटू दिलं.

त्या टीकेचा परिणाम चार महिन्यांनी दिसला. फिलिपाइन्समधल्या लेते बेटाच्या मोहिमेत हॅल्सीला दिलेल्या हुकमातच घातलं होतं की शत्रूच्या ताफ्याचा मोठा भाग नष्ट करायची संधी मिळाली तर तेच मुख्य काम समजावं. जपानी ॲडमिरल ओझावाने चार विमानवाहू नौका उत्तरेकडे आमिष म्हणून मिरवल्या, त्यांच्यावर जेमतेम शंभरावर विमानं. हॅल्सी सगळा ताफा घेऊन मागे धावला आणि सान बर्नार्दिनोची सामुद्रधुनी सताड उघडी राहिली. २५ ऑक्टोबरच्या पहाटे तिच्यातून दुसरा जपानी ॲडमिरल कुरिता याच्या चार युद्धनौका बाहेर पडल्या, त्यांतली एक यामातो, जगातली सर्वांत मोठी. समोर काय? सहा छोट्या विमानवाहू नौका, तीन विनाशिका आणि चार त्याहून लहान रक्षकनौका. या पिटुकल्या जहाजांनी धूर सोडत, टॉर्पेडो मारत असा काही धुमाकूळ घातला की गोंधळलेला कुरिता जिंकत आलेली लढाई सोडून परत फिरला. अमेरिकेची हजारावर माणसं त्या दिवशी गेली. बुडालेल्या नौकांवरचे कित्येक जण शार्कच्या पाण्यात दोन दिवस तरंगत राहिले. हॅल्सीने आमिषाच्या चारही नौका बुडवल्या, हेही खरं. हॅल्सीला पुढे पंचतारांकित ॲडमिरलपद मिळालं, स्प्रूअन्सला कधीच नाही. लोकांनाही हॅल्सीच आवडला. धावणारा सेनापती आपल्याला दिसतो, जागा राखून उभा राहिलेला दिसत नाही.

जागा न घेण्याचं शहाणपण तर त्याहून कमी दिसतं. राबाउलला जपानचं सुमारे एक लाख सैन्य दात विचकून बसलं होतं. १९४३ मध्ये ठरलं की राबाउल घ्यायचंच नाही, त्याची वाट तोडून पुढे जायचं. ते लाखभर सैनिक युद्ध संपेपर्यंत भाजीपाला पिकवत तिथेच राहिले. याच्या उलट पेलेलिउ. हॅल्सी म्हणाला होता ती मोहीम रद्द करा (त्याचं इथे बरोबर होतं, हे नमूद करायला हवं), पण तयारी झालेली म्हणून ती रेटली. चार दिवसांत बेट घेऊ, असं तिथला सेनापती म्हणाला होता. अडीच महिने लागले, सुमारे अठराशे अमेरिकी आणि दहा हजारांवर जपानी मेले, आणि पुढच्या युद्धाला त्या बेटाचा फारसा उपयोग झाला नाही.

युरोपचं एवढंच सांगतो की तिथेही नॉर्मंडीच्या ६ जून १९४४ या तारखेआड मे १९४३ लपतो. त्या एका महिन्यात जर्मनीच्या चाळीसच्या वर पाणबुड्या गेल्या आणि जर्मन आरमारप्रमुख डोनिट्झला उरलेल्या उत्तर अटलांटिकमधून मागे घ्याव्या लागल्या. तो रस्ता मोकळा झाला नसता तर नॉर्मंडीला उतरायला माणसं आणि सामान आलं कुठून असतं? शिवाय जर्मन सैन्याचा मोठा चुराडा रशियाच्या आघाडीवर झाला, अमेरिकेच्या हातून नव्हे.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी पाणबुड्यांचा पोवाडा गातोय. तसं नाही. मला तर वाटतं की ही गोष्ट सांगितली जात नाही याचं एक कारण तिच्यात रंग नाही हे, आणि दुसरं, ती घाण आहे हे. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली ती जर्मनीच्या अनिर्बंध पाणबुडी युद्धाचा निषेध करत. चोवीस वर्षांनी तिने स्वतः तेच पहिल्या दिवसापासून केलं. न्यूरेंबर्गला डोनिट्झवर खटला चालला तेव्हा निमिट्झने लेखी उत्तरात हे सरळ मान्य केलं, आणि न्यायालयाने त्या आरोपाबद्दल डोनिट्झला शिक्षा दिली नाही.

शिवाय जहाजात कोण आहे हे पेरिस्कोपमधून दिसत नाही. २६ जानेवारी १९४३ ला वाहू पाणबुडीच्या डडली मॉर्टनने बुयो मारू हे जहाज बुडवलं, वर येऊन बोटींवर तोफा आणि मशीनगन चालवल्या. पाण्यात जपानी सैनिक आहेत असं त्याला वाटलं. त्यांच्यात ४९१ भारतीय युद्धकैदी होते, १६ व्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे, सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती लागलेले. त्यांतले १९५ मेले. मॉर्टन वीर म्हणून गाजला आणि त्याच वर्षी वाहूसह बुडाला. ऑक्टोबर १९४४ मध्ये, लेतेची लढाई चालू असताना, आरिसान मारू अशाच एका टॉर्पेडोने बुडालं. आत १७०० हून अधिक अमेरिकी कैदी होते, नऊ वाचले. १९४५ च्या मार्चपासून बी-२९ विमानांनी जपानच्या बंदरांत आणि सामुद्रधुन्यांत बारा हजारांवर सुरुंग पेरले. त्या मोहिमेला ठेवलेलं नाव होतं ‘ऑपरेशन स्टार्व्हेशन’. उपासमार, असं सरळच. त्यांनी निदान नावात तरी लपवाछपवी केली नाही. हिरोशिमावर वाद घालताना आपण एकीकडे अणुबॉम्ब आणि दुसरीकडे जपानच्या क्यूशू बेटावर सैन्य उतरवणं एवढेच दोन पर्याय मांडतो. तिसरा, नाकेबंदीचा, चालूच होता, आणि तोही दयाळू नव्हता. त्याचे बळी लहान मुलं असती, फक्त त्यांची छायाचित्रं निघाली नसती.

मिडवेत मरणारा वैमानिक मारणाऱ्याला दिसत होता. पंधरा टॉर्पेडो-विमानांची एक तुकडी तिथे अख्खी कापली गेली, तीस जणांतला एकच, जॉर्ज गे, पाण्यात तरंगत वाचला. त्या शौर्याला मी कमी लेखत नाही. पण ज्याने तीन वर्षं तांदूळ, बॉक्साइट आणि तेल मोजून मोजून बुडवलं, त्याच्यामुळे युद्ध संपत आलं आणि माणसं उपाशी राहिली, या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात म्हणाव्या लागतात. ते वाक्य जड आहे. ‘मोलाची कामगिरी’ हलकं आहे.

भाषणानंतर चहाच्या टेबलाशी मी वक्त्यांना हे थोडक्यात बोललो. ते हसले. म्हणाले, “तुमचं खरं आहे हो, पण लोकांना सांगायला त्यात गोष्ट कुठेय?” शेजारी रत्नागिरीकडचे एक वयस्क गृहस्थ बशीत चहा ओतत होते. त्यांचे आजोबा त्या काळी बोटीवर होते, ब्रिटिश कंपनीच्या मालबोटीत, इंजिनखान्यात कोळसा ओढायला. अटलांटिकच्या दोन फेऱ्या करून आले.

“आजोबांना आम्ही लहानपणी विचारायचो, लढाई कशी होती म्हणून,” ते म्हणाले. “ते म्हणायचे, लढाई कुठे बघितली मी? खाली होतो. वर काय चाललंय ते बॉयलरच्या आवाजात कळायचं नाही. रात्री फक्त शिडीच्या बाजूला डोकं करून झोपायचो.”